पुण्यात जन्मलेल्या डासपेशी

अगरच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीच्या, थाळीत जिवाणू रातोरात वाढतात. साखर, प्रथिने, क्षार आणि ऊब मिळाली की त्यांचे भागते. विषाणूला मात्र कितीही सकस माध्यम द्या, तो एकाचे दोन होत नाही. प्रथिने बनवण्याची यंत्रणाच त्याच्याकडे नसते. ती तो जिवंत पेशीत शिरून वापरतो. म्हणून विषाणू वाढवायचा तर आधी पेशी जगवाव्या लागतात.

हे निगुतीचे काम आहे. फ्लास्कच्या तळाला चिकटलेला पेशींचा पातळ थर, वर अमिनो आम्ले, ग्लुकोज, जीवनसत्त्वे आणि बहुधा वासराच्या गर्भाचे सीरम घातलेले गुलाबी माध्यम. हा रंग फेनॉल रेडचा. तो पिवळा पडू लागला की आम्लता वाढली, माध्यम बदलायची वेळ झाली. नको ते जिवाणू शिरू नयेत म्हणून पेनिसिलीन, स्ट्रेप्टोमायसीन घालतात. विषाणूवर त्यांचा परिणाम होत नाही, हे संशोधकांच्या पथ्यावरच पडते.

१९४९ मध्ये बोस्टनच्या एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू मज्जासंस्थेच्या पेशींखेरीज इतर मानवी पेशींतही वाढवून दाखवला. लशीची वाट तिथून मोकळी झाली.

पण मला सांगायचे आहे ते पुण्याबद्दल. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचे विषाणू डासाच्या अंगात आरामात वाढतात. मग डासाच्याच पेशी का वाढवू नयेत? पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या (आजच्या एनआयव्हीतल्या, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या) के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून असा पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी, तयार केला आणि १९६७ मध्ये जाहीर केला. या पेशींना माणसाच्या पेशींसारखी ३७ अंशांची ऊब लागत नाही, २८ अंश पुरतात.

१९७८ मध्ये जपानच्या अकिरा इगाराशी यांनी त्यांतून सी६/३६ हा विशेष संवेदनशील उपवंश वेगळा काढला. रुग्णाच्या रक्तातला डेंग्यूचा विषाणू वाढवून ओळखायला तो आज जगभर वापरतात. त्याच्या संवेदनशीलतेचे एक कारण २०१० च्या सुमारास कळले. विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याचे, तुकडे करणारी डासाची कात्री, डायसर-२, या पेशींत नीट चालत नाही. पहाराच ढिला, त्यामुळे विषाणूचे फावते.

प्रयोगशाळांत या पेशी आता नुसत्या सांकेतिक क्रमांकाने ओळखल्या जातात, याची मला हळहळ वाटते. इगाराशींनी मात्र आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच सिंग यांचे नाव घातले होते.