911 चं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांची सायबर रिस्क: तुलना इतकी अवघड का झाली

अमेरिकेत पोलीस, फायर आणि ॲम्ब्युलन्सला, म्हणजे 911 या आपत्कालीन नंबरमागच्या सेवांना, सॉफ्टवेअर विकणाऱ्या दोन कंपन्यांपैकी जास्त सुरक्षित कुठली, हे विचारायची वेळ तशी अलीकडेच आली. 1967 मध्ये गुन्ह्यांच्या नोंदींचा केंद्रीय डेटाबेस सुरू झाला, आणि त्यानंतर बरीच वर्षं बाहेरच्या माणसाला आत शिरायला वाटच फारशी नव्हती. मग रेकॉर्ड्स क्लाउडवर गेले, बॉडी कॅमेऱ्याचं फुटेज विक्रेत्याच्या सर्व्हरवर जायला लागलं, आणि विक्रेत्याचं दार उघडं राहिलं तर पोलिसांचंही उघडं राहायला लागलं.

खरा गुंता सीजेआयएस पॉलिसीचा, म्हणजे गुन्हे नोंदी सुरक्षित ठेवण्याच्या एफबीआयच्या नियमांचा आहे. गुन्हे नोंदींच्या डेटाला हात कोणी लावायचा, त्या माणसाच्या बोटांचे ठसे तपासायचे का, एन्क्रिप्शन कसं हवं, हे सगळं त्यात आहे, 2011 मध्ये तिची 5.0 आवृत्ती आली. पण एफबीआयने ठरवलं की आपण कुठल्याही कंपनीला सर्टिफिकेट देणार नाही. म्हणजे ब्रोशरवर ‘सीजेआयएस कम्प्लायंट’ असं छापलेलं असतं ना, तो बहुतेक वेळा कंपनीचा स्वतःचाच दावा असतो. जबाबदारी डेटा वापरणाऱ्या पोलीस खात्याची आणि त्याच्या राज्याची, ऑडिट साधारण तीन वर्षांनी. या निर्णयाच्या बाजूनेही मुद्दे आहेत, राज्यांचे कायदे वेगळे असतात, शिवाय एकच प्रॉडक्ट एका शहरात नीट बसवलेलं असतं आणि दुसऱ्या शहरात ढिसाळ, मग सर्टिफिकेट नेमकं कशाला द्यायचं? हे पटतं. पण देशात पोलीस खाती सुमारे 18 हजार, त्यातली कितीतरी अगदी छोटी, तिथे आयटीचा एखादाच माणूस असतो आणि त्याच्यापुढे दोन कंपन्यांची एकसारखी वाक्यं लिहिलेली टेंडरं. एका राज्याच्या ऑडिटमध्ये सापडलेलं भोक शेजारच्या राज्यातल्या शेरीफच्या ऑफिसला कळेलच असं नाही. माझ्या मते निदान विक्रेत्यांपुरतं निकाल एकत्र ठेवायला हवे होते, तेवढं तरी जमण्यासारखं होतं.

ही पोकळी भरली सिक्युरिटी रेटिंगवाल्यांनी. 2011 नंतर अशा कंपन्या निघाल्या, इंटरनेटवरून दिसणारे उघडे पोर्ट (बाहेरून सिस्टीममध्ये शिरायच्या वाटा), वेबसाइटची जुनी सुरक्षा सर्टिफिकेट्स, फुटलेले पासवर्ड बघून ग्रेड द्यायच्या. कसं मोजता तेच सांगत नाही म्हणून ओरड झाली, 2017 मध्ये उद्योगांच्या एका मोठ्या संघटनेने रेटिंग न्याय्य कसं असावं याची तत्त्वं मांडली. पण या क्षेत्रात ग्रेड नेमकी कुठे चुकते ते बाल्टिमोरने दाखवलं. मार्च 2018 मध्ये तिथली डिस्पॅच सिस्टीम (911 चे कॉल पोलीस-ॲम्ब्युलन्सकडे पाठवणारी) रॅन्समवेअरमुळे, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसमुळे, बंद करावी लागली, साधारण 17 तास कॉलची माहिती हाताने पुढे द्यावी लागली. कारण काय, तर दुरुस्ती करताना फायरवॉलमध्ये (बाहेरचा धोका अडवणाऱ्या भिंतीत) केलेला बदल तसाच राहिला आणि पोर्ट उघडा पडला. तो फायरवॉल शहराचा, त्यामुळे सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या ग्रेडमध्ये हे भोक दिसायचं काही कारणच नव्हतं.

2020 मध्ये उलट झालं, भोक विक्रेत्याकडेच निघालं. जूनमध्ये ह्यूस्टनच्या एका छोट्या वेब कंपनीतून 200 हून जास्त पोलीस यंत्रणांचा 269 जीबी डेटा बाहेर आला, कारण सगळ्यांच्या साइट त्याच एका ठिकाणी होत्या. सप्टेंबरमध्ये सरकारी सॉफ्टवेअरमधल्या एका बड्या कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कवर रॅन्समवेअर आलं, काही ग्राहकांना संशयास्पद लॉगिन दिसले, आणि मग कंपनीने रिमोट ॲक्सेसचे पासवर्ड बदला असं ग्राहकांना कळवलं. तेव्हापासून मला वाटतं ग्रेडपेक्षा आधी हे विचारावं की विक्रेत्याचे किती लोक, कुठून, कुठल्या अकाउंटने आपल्या सिस्टीममध्ये येतात. सीजेआयएसनेही ऑक्टोबर 2024 पासून मल्टिफॅक्टर लॉगिन (पासवर्डशिवाय आणखी एक ओळख मागणारं) ऑडिटमध्ये सक्तीचं केलं, उशिरा का होईना पण हे चांगलंच झालं.

नोव्हेंबर 2025 मध्ये मात्र पाण्याचा पूर, आग यांचे इशारे पाठवणारी एक सेवाच सायबर हल्ल्यात बंद पडली. अनेक काउंटी (अमेरिकेतले जिल्हे) तिच्यावर अवलंबून होत्या. जुना प्लॅटफॉर्म कायमचा बंद करून नवा उभा केला, तर हाताशी असलेला बॅकअप 31 मार्चचा निघाला, त्यानंतर नाव नोंदवलेल्या लोकांना पुन्हा नोंदणी करावी लागली. काही काउंटींनी कंत्राटच मोडलं. बॅकअप किती जुना आहे हे बाहेरून काढलेल्या कुठल्याच ग्रेडमध्ये येत नाही, ते कंत्राटात लिहून घ्यावं लागतं.