यूपीएसच्या खोक्यावरचे दोन आकडे

घरात अहोरात्र चालणाऱ्या सर्व्हरसाठी यूपीएस निवडताना पहिला घोळ होतो तो खोक्यावर. ‘१००० व्हीए’ (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह) ठळक छापलेले असते आणि ‘६०० वॅट’ मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. ही तफावत आजच्या सर्व्हरच्या गरजेतून आलेली नाही. तिचे मूळ १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या संगणकांच्या पॉवर सप्लायमध्ये आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. शिसे-आम्लाची बॅटरी १८५९ पासूनची आहे. मोठ्या संगणकांच्या काळात मोटर, जनित्र आणि जड चाक यांच्या जोडणीवर काम भागवले जाई. पुढे वीज सतत डीसी आणि पुन्हा एसी करणारे ‘ऑनलाइन’ यूपीएस आले. (या शब्दाचा इंटरनेटशी काही संबंध नाही, पण खरेदीदाराचा गोंधळ होतोच.) संगणक घरी आला तेव्हा वीज गेल्यावरच बॅटरीकडे वळणारा स्वस्त ‘ऑफलाइन’ प्रकार रुळला, आणि पाठोपाठ व्होल्टेज सावरणारा ‘लाइन-इंटरॅक्टिव्ह’. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने या नावांऐवजी, बाहेर पडणारी वीज आत येणाऱ्या विजेवर कितपत अवलंबून आहे यावरून तीन वर्ग पाडले. बाजाराने मात्र जुनीच नावे चालू ठेवली.

आता व्हीएकडे वळू. त्या काळातला एसएमपीएस (संगणकातला पॉवर सप्लाय) व्होल्टेजच्या शिखरापाशीच क्षणभर प्रवाह ओढून घेई आणि उरलेला वेळ जवळजवळ काहीच घेत नसे. त्यामुळे प्रत्यक्ष वापरलेल्या वॅटच्या मानाने तारांमधून आणि ट्रान्झिस्टरमधून जाणारा प्रवाह बराच जास्त असे आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅटचे व्हीएशी गुणोत्तर, ०.६ ते ०.७ च्या आसपास राही. यूपीएस तापतो तो या प्रवाहामुळे, म्हणून क्षमता व्हीएमध्ये सांगणे तेव्हा रास्तच होते, आणि १००० व्हीएला ६०० वॅट हे प्रमाण त्या भाराशी जुळणारे होते. पुढे २००१ पासून युरोपात ७५ वॅटपेक्षा जास्त वीज घेणाऱ्या संगणकांवर हार्मोनिक प्रवाहाची, म्हणजे असा झटक्याने ओढल्यामुळे प्रवाहाच्या लहरीत येणाऱ्या विकृतीची, मर्यादा आली. २००४ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्षमतेच्या एका प्रमाणपत्रानेही पूर्ण भाराला किमान ०.९ पॉवर फॅक्टर मागितला, आणि ‘अॅक्टिव्ह पीएफसी’ (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेले पॉवर सप्लाय सर्वत्र झाले. अशा पॉवर सप्लायवर ७०० वॅटचा भार साधारण ७२० व्हीएच भरतो. म्हणजे १००० व्हीएच्या आत राहूनही तो ६०० वॅटची मर्यादा ओलांडतो. पूर्वी दोन्ही मर्यादा जवळजवळ एकदमच गाठल्या जात, आता वॅटची आधी गाठली जाते. तरीही ठळक अक्षरे व्हीएलाच मिळतात, कारण तो आकडा मोठा दिसतो. याहून सयुक्तिक कारण सापडत नाही.

याच बदलातून दुसरा वाद उभा राहिला. ऑफलाइन आणि स्वस्त लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस बॅटरीवर असताना साइन वेव्हऐवजी (घरातल्या विजेच्या गुळगुळीत लहरीऐवजी) पायऱ्यांची लहर देतात, आणि दोन पायऱ्यांमध्ये व्होल्टेज काही काळ शून्यावर असते. जुन्या पॉवर सप्लायला शिखर मिळाले की पुरे होई; अॅक्टिव्ह पीएफसीचे सर्किट मात्र लहरीच्या आकाराबरहुकूम प्रवाह ओढू पाहते, आणि अशा लहरीवर काही पॉवर सप्लाय गुरगुरतात, काही थेट बंद पडतात, तर काहींना फरकच पडत नाही. हलक्या भारावर बहुधा निभावते, असे पायऱ्यांच्या लहरीचे समर्थक म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण सर्व्हर रात्री कुणी जवळ नसताना चालायचा असतो; तिथे ‘बहुधा’वर विसंबण्यापेक्षा शुद्ध साइन वेव्हचा जास्तीचा खर्च परवडतो. बॅटरीवर जाण्याच्या ४ ते १० मिलिसेकंदांची भीती मात्र अवाजवी होती. संगणकाने २० मिलिसेकंदांपर्यंत वीज नसणे सोसावे, ही अपेक्षा उत्पादकांनी स्वतःच आखून घेतलेली होती.

घरगुती सर्व्हर अनेकदा १०० वॅटही घेत नाही, त्यामुळे खरा प्रश्न क्षमतेचा नसून वेळेचा असतो. १२ व्होल्ट, ९ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १०८ वॅट-तासांची असते. पण तो आकडा २० तासांत सावकाश रिकामी करण्याचा आहे, आणि अर्ध्या तासात ओढली तर त्यातला बराच भाग हाती लागत नाही. म्हणूनच सर्व्हरला नीट बंद होण्याचा इशारा मिळणे महत्त्वाचे ठरले. सुरुवातीला सिरीयल केबलवर ‘वीज गेली’ आणि ‘बॅटरी संपत आली’ एवढेच दोन संकेत येत. १९९७ मध्ये यूएसबीवरून बॅटरीची स्थिती कळवण्याची समान पद्धत ठरली आणि एकाच सॉफ्टवेअरला वेगवेगळ्या कंपन्यांचे यूपीएस वाचणे सोपे झाले. बदलांची आधी नोंद (जर्नल) ठेवणाऱ्या फाइल सिस्टिम २००० नंतर सरसकट झाल्या तरी ही गरज संपली नाही: जर्नल डिस्कवरची रचना सावरतो, मेमरीत राहून गेलेला डेटा नव्हे.

अलीकडे जुन्या यूपीएसमध्ये शिशाच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी बसवण्याकडे कल वाढला आहे. ती शिशापेक्षा कितीतरी जास्त वेळा भरता-रिकामी करता येते. पण तिचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहते आणि मग एकदम कोसळते. शिशाच्या हळूहळू उतरणाऱ्या व्होल्टेजवरून अंदाज बांधणारा यूपीएस तोवर बॅटरी भरलेलीच दाखवतो, आणि ‘संपत आली’ हा संकेत निघतो तेव्हा सर्व्हरला बंद व्हायला लागणारी दोन-तीन मिनिटेही बॅटरीत उरलेली नसतात.