नायकाच्या जिवाला धोका किती? मालिकांतील समोरासमोरच्या प्रसंगांची पार्श्वभूमी

मालिकेतील नायक आणि खलनायक समोरासमोर उभे ठाकतात, पिस्तूल रोखले जाते, आणि नेमक्या त्याच क्षणी सराईत प्रेक्षकाच्या मनात एक निराळाच हिशेब सुरू होतो: भाग संपायला किती वेळ उरला आहे, हंगाम संपत आला आहे का, या कलाकाराचा करार कधीपर्यंतचा आहे. धोका खरा की नुसता देखावा, हे तो कथेतील पिस्तुलावरून ठरवत नाही, तर कथेबाहेरच्या खुणांवरून ताडतो. प्रेक्षकाला ही सवय लागली आणि लेखकांनी ती मोडायचे प्रयत्न केले, तो इतिहास प्रामुख्याने अमेरिकी दूरचित्रवाणीवर घडला.

त्याची मुळे मूकपटांच्या काळात आहेत. १९१४ च्या ‘द पेरिल्स ऑफ पॉलीन’सारख्या चित्रमालिकांत नायिका भागागणिक संकटात सापडे आणि भागागणिक सुखरूप सुटे. दूरचित्रवाणीने हा साचा उचलला आणि त्याला व्यापारी कारणांची बळकटी दिली. जुने भाग पुढे स्थानिक केंद्रांना विकले जात आणि ती केंद्रे ते कोणत्याही क्रमाने दाखवू शकत. त्यामुळे प्रत्येक भागाने कथा जिथून उचलली तिथेच आणून ठेवणे सोयीचे होते. त्यातच प्रसारकांच्या राष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता १९५२ पासून लागू झाली, जी गुन्हेगारी अनिष्टच दिसली पाहिजे असा आग्रह धरी आणि १९८३ पर्यंत टिकली. नायक मरणार नाही आणि खलनायक सुटणार नाही, या दोन्ही गोष्टी प्रसंग सुरू होण्यापूर्वीच ठरलेल्या असत.

‘गनस्मोक’ ही वेस्टर्न मालिका हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९५५ ते १९७५ या काळात तिचे ६३५ भाग झाले आणि मार्शल मॅट डिलनची भूमिका अखेरपर्यंत जेम्स आर्नेस यांनीच केली. अनेक वर्षे मालिकेच्या शीर्षकदृश्यातच डिलनची रस्त्यावरील पिस्तुलांची झुंज दाखवली जाई. म्हणजे जी झुंज श्वास रोखून पाहायची, तिचा निकाल दर आठवड्याला भाग सुरू होण्याआधीच जाहीर होत असे! तरीही लोक पाहत राहिले, कारण या प्रसंगांतला खरा प्रश्न ‘डिलन वाचेल का’ हा नसून ‘डिलनला गोळी झाडावी लागेल का’ हा होता. या फरकाकडे पुढच्या काळातील अनेक लेखकांचे दुर्लक्ष झाले, असे मला वाटते. त्यांनी सोपा मार्ग धरला आणि धोका दाखवण्यासाठी कोणालाही ओळखीचे नसलेले पात्र मारले. १९६६ ते १९६९ दरम्यानच्या ‘स्टार ट्रेक’मध्ये लाल गणवेशातील अनोळखी सुरक्षारक्षक परग्रहावर उतरला की त्याचे काय होणार, हे प्रेक्षक लवकरच ओळखू लागला.

पहिला मोठा धक्का बसला तो कोणत्याही झुंजीविना. १८ मार्च १९७५ रोजी प्रसारित झालेल्या ‘मॅश’च्या भागात कोरियन युद्धातील रुग्णालयाचा प्रमुख हेन्री ब्लेक सेवामुक्त होऊन घरी निघतो आणि अखेरच्या दृश्यात त्याचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेल्याची बातमी शस्त्रक्रियागृहात येते. संहितेचे शेवटचे पान बहुतेक कलाकारांपासूनही चित्रीकरणापर्यंत लपवलेले होते. संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. परंतु ब्लेकची भूमिका करणारे मॅक्लीन स्टीव्हन्सन मालिका सोडणार असल्यामुळेच हे पात्र मारले गेले होते, आणि कलाकार जाणार असल्याची बातमी म्हणजे पात्रावरचे संकट, ही नवी खूण प्रेक्षकाच्या हाती लागली. १९८० मध्ये ‘डॅलस’च्या जे. आर. युइंगवर गोळी झाडली गेली, त्या उन्हाळ्यात ही भूमिका करणाऱ्या लॅरी हॅगमन यांच्या कराराची बोलणीही चालू होती. म्हणजे पात्र जगेल की नाही याचे कोडे काही अंशी वाटाघाटीच्या टेबलावरचे होते. याच मालिकेने १९८५ मध्ये बॉबी युइंगला मारले आणि पुढच्या वर्षी संपूर्ण हंगाम स्वप्न ठरवून त्याला परत आणले. एकदा मृत्यू मागे घेतला की पुढच्या प्रत्येक पिस्तुलाची किंमत उतरते, हे लेखकांपेक्षा प्रेक्षकांना आधी कळते.

तत्त्वज्ञ केंडल वॉल्टन यांनी १९७८ मध्ये मांडले की काल्पनिक प्रसंगातील भीती ही खऱ्या अर्थाने भीती नव्हेच, कारण आपल्याला स्वतः धोक्यात असल्याचे वाटतच नसते. ते मान्य केले तरी आपला प्रश्न तसाच उरतो: खोटेपणा ठाऊक असूनही एक धोका पोकळ वाटतो आणि दुसरा पोटात गोळा आणतो, असे का?

‘गेम ऑफ थ्रोन्स’ने २०११ मध्ये, पहिल्याच हंगामाच्या नवव्या भागात, जाहिरातींत मध्यभागी असलेल्या नेड स्टार्कचा शिरच्छेद दाखवला आणि कथेबाहेरच्या खुणांवरचा विश्वास एका फटक्यात उडवला. तो फार काळ उडालेला राहिला नाही. ‘द वॉकिंग डेड’ने ऑक्टोबर २०१५ मध्ये ग्लेन हे प्रमुख पात्र मेल्याचा भास निर्माण केला, श्रेयनामावलीतून कलाकाराचे नावही काढले, आणि महिन्याभराने त्याला जिवंत दाखवले. पुढच्या एप्रिलमध्ये खलनायक नीगन गुडघे टेकून बसलेल्यांपैकी कोणाला तरी ठार मारतो, पण कोणाला, हे ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवले गेले. अखेर बळी पडलेल्यांत ग्लेनही होता, तरी अनेकांना त्या प्रसंगात दहशतीपेक्षा क्लृप्तीच अधिक दिसली. माझ्या मते तो राग रास्त होता.

‘बेटर कॉल सॉल’ने (२०१५ ते २०२२) याहून अवघड वाट निवडली. ही कथा ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेच्या आधीच्या काळातील आणि तिचा नायक, वकील जिमी, त्या मालिकेत सॉल या नावाने दिसलेला असल्याने तो वाचणार, हे प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मे २०२२ मधील भागात अमली पदार्थांच्या टोळीतला लालो सालामांका जिमी आणि त्याची वकील पत्नी किम यांच्या घरात शिरतो तेव्हा प्रेक्षक किमचे काय होईल याचा हिशेब मांडत असतो. गोळी लागते ती भांडायला आलेल्या, या प्रकरणाशी काहीही संबंध नसलेल्या हॉवर्ड या वकिलाला. त्या मृत्यूच्या ओझ्याखाली किम पुढे वकिली आणि जिमी दोन्ही सोडून जाते. जिमीला त्या खोलीत धोका होताच, फक्त तो त्याच्या जिवाला नव्हता.