सिंगापूर ते न्यूयॉर्क: लांबची वाट लवकर पोचवते

घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर सिंगापूर आणि न्यूयॉर्क शोधा आणि दोन्हींमध्ये दोरा ताणून धरा. दोरा पॅसिफिकवरून जात नाही, युरोपवरूनही नाही. तो थेट उत्तर ध्रुवाजवळून जातो. भिंतीवरच्या नकाशात ही वाट सुचतच नाही, कारण तिथे ध्रुवाचा ठिपका ताणला जाऊन वरची अख्खी कड झालेला असतो.

हे अंतर कागद-पेन्सिलीने काढता येते, आणि एकदा तरी काढून पाहावेच. सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. बेरीज १७८, म्हणजे ही दोन शहरे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. मग फक्त अक्षांश मोजायचे. सिंगापूरचा विमानतळ १.४ अंश उत्तरेला, तिथून ध्रुव ८८.६ अंशांवर. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ अंशांवर, ध्रुवापासून ४९.४ अंश. एकूण १३८. एका अंशाचे ६० सागरी मैल, आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. उत्तर येते सुमारे १५,३०० किलोमीटर.

पण २०१८ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कला लागून असलेल्या नेवार्कची थेट सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा कंपनीने अंतर सांगितले सुमारे १६,७०० किलोमीटर आणि वेळ पावणेएकोणीस तास. हजारावर जादा किलोमीटर कशासाठी? वाऱ्यासाठी.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विमान हवेत ताशी ९०० किलोमीटरने चालले आणि पाठीशी ताशी १५० चा वारा असला, तर जमिनीवरून ते १,०५० ने पुढे सरकते. धारेला लागलेल्या होडीसारखेच हे. पूर्वेकडचा प्रवास लवकर होतो तो पृथ्वी फिरते म्हणून, असे अनेकांना वाटते. तसे नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. वेळ वाचवतो तो वारा.

जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशींनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. निष्कर्ष त्यांनी एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले आणि जपानबाहेर ते फारसे कुणी वाचले नाहीत, याची मला आजही हळहळ वाटते. पुढे १९५२ मध्ये पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीच्या विमानाने टोकियो-होनोलुलू प्रवासात हा वारा मुद्दाम पाठीशी घेतला. अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला.

म्हणून लांब पल्ल्याची वाट रोजच्या वाऱ्यांचा अंदाज पाहून आखली जाते. सिंगापूरहून विमान पॅसिफिक ओलांडून न्यूयॉर्कला जाते. परतताना कधी ते अटलांटिक आणि युरोपवरून येते. जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेलाच. अशा फेरीत प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झालेली असते.