नंबर होता, फोन होत नव्हता

सोलापूरच्या पाच्छा पेठेतल्या माझ्या मैत्रिणीचा नंबर आठ महिने मोबाइलमध्ये पडून होता. तीनदा मेसेज लिहिला, तीनदा पुसला. २७ वर्षांनी काय म्हणून फोन करायचा? तिला वाटेल, काहीतरी काम असणार.

ही धाकधूक माझ्या एकटीची नाही, हे नंतर कळलं. लारा अकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये नेमकं हेच तपासलं. ज्यांना जुन्या मित्राशी पुन्हा बोलायचंय, त्यालाही आवडेल असं वाटतंय आणि ज्यांच्याकडे त्याचा नंबर आहे, अशाच लोकांना त्यांनी घेतलं. मेसेज लिहायला वेळही दिला. तरी पाठवणारे एक तृतीयांशाहून कमी! जुना मित्र जितका परका वाटत होता, तितकं माणसांचं पाऊल अडखळत होतं. ‘समोरच्याला आनंदच होतो’ असं समजावूनही फरक पडला नाही. मग त्यांनी लोकांना आधी काही मिनिटं नेहमीच्या ओळखीतल्यांना मेसेज करायला लावले आणि त्यानंतर जुन्या मित्राकडे वळवलं. आता निम्म्याहून जास्त जणांनी मेसेज पाठवला. उपदेशानं जे झालं नाही, ते सरावानं झालं. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

आणि पलीकडच्या माणसाचं काय? पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचे २०२२ मधले प्रयोग सांगतात की आपल्या साध्या विचारपूशीची समोरच्याला किती किंमत वाटेल, याचा अंदाज आपण कमीच बांधतो. आपलं लक्ष स्वतःच्या संकोचावर असतं. त्याला मात्र ध्यानीमनी नसताना कुणीतरी आठवण काढल्याचं अप्रूप वाटतं. म्हणजे ज्या अंतराची आपल्याला लाज वाटते, तेच त्याचा आनंद वाढवतं.

मेसेज करावा की फोन? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना जुन्या मित्राला फोन करायला सांगितलं, काहींना ईमेल. फोनवर अवघडल्यासारखं होईल, अशी लोकांना भीती होती. प्रत्यक्षात तसं झालं नाही, उलट बोललेल्यांना जवळीक जास्त वाटली.

मी त्या दिवशी आधी मावशीला, मग शेजारणीला मेसेज केला. आणि मग थेट फोन लावला.

‘‘अगं, तू होय! काय करालीस? जेवलीस का?’’

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा होती, तेव्हा मी सोलापूरला गेले. तिच्या दारात पाऊल ठेवलं आणि तेंदूच्या ओल्या पानांचा, तंबाखूचा वास आला. दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी तिच्या आईपाशी, अम्मांपाशी बसायचो. मांडीवर सूप, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापलेली पानं, चिमूटभर तंबाखू, आणि बघता बघता वळलेली विडी. तिच्या घरातलं तेलुगू, माझं मराठी, सगळं त्याच सुपाभोवती. क्षणात डोळे भरून आले. त्याचं कारण मेंदूच्या रचनेत आहे. डोळ्यांचे, कानांचे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून पुढे जातात. वासाचे संदेश त्या ठाण्यावर न थांबता भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे पोचतात.

अम्मा अजूनही विड्या वळत होत्या. मला पाहून हात थांबला. टक लावून बघत राहिल्या, पण नाव काही आठवेना. तेही साहजिकच. हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ३९२ जणांची शाळासोबत्यांबद्दलची स्मृती तपासली होती. शाळा सोडून ३५ वर्षं झालेल्यांनीही फोटोतले सुमारे ९० टक्के चेहरे बरोबर ओळखले. नुसती नावं आठवून सांगताना मात्र सगळ्यांचीच पंचाईत झाली.

अम्मांनी नावाचा नाद सोडला. ‘‘कात्रीनं बोट कापून घेतलेली तूच ना गं?’’

मी डाव्या हाताचं बोट पुढं केलं. वण अजून आहे.