लीगल स्टडीज मेजर आणि बी.ए. एलएल.बी.: कोणता अभ्यासक्रम कशाने पूर्ण होतो

कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या भाचीने ‘लीगल स्टडीज’ घेतल्याचे कळले की इकडच्या घरात ती वकील होणार हे ठरूनच जाते. तिचा पुण्यातला मामेभाऊ बी.ए. एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला असला, तर दोघे एकच शिकत आहेत आणि फरक फक्त फी रुपयांत भरायची की डॉलरमध्ये एवढाच आहे, असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात भाचीच्या हाती पडणारी पदवी कोणत्याही न्यायालयात उभे राहण्याचा हक्क देत नाही, आणि भावाच्या पदवीतला ‘मेजर’, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, हा मुळात कायद्याचा विषयच नसतो.

हा गोंधळ होण्यात लोकांचा फारसा दोष नाही, कारण नावेच एकमेकांत मिसळणारी आहेत. मुंबई विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बी.एल.एस. एलएल.बी. म्हणतात आणि त्यातल्या पहिल्या तीन अक्षरांचा विस्तार ‘बॅचलर ऑफ लीगल सायन्स’ असा होतो. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला ‘लीगल स्टडीज’ हा ऐच्छिक विषय आहे. सोनिपतच्या ओ. पी. जिंदाल ग्लोबल विद्यापीठात याच नावाची बी.ए. ऑनर्स पदवी आहे आणि तिथेच एलएल.बी.चे अभ्यासक्रमही चालतात. अमेरिकेतल्या काही कॉलेजांत तर वकिलाच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून काम करण्याच्या, म्हणजे पॅरालीगलच्या, प्रशिक्षणालाही हेच नाव दिलेले असते. त्यामुळे नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा पदवी पूर्ण करण्यासाठी विद्यार्थ्याकडून काय मागितले जाते आणि ते मागणारा कोण आहे, हे पाहिलेले बरे.

अमेरिकेचे उदाहरण म्हणून बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ घेऊ. तिथला लीगल स्टडीज हा पदवीपूर्व मेजर लॉ स्कूलच्या छत्राखाली चालतो आणि त्यामुळे गैरसमजाला आणखी बळ मिळते; पदवी मात्र बी.ए.चीच असते आणि ती साहित्य व विज्ञान महाविद्यालयाकडून मिळते. विद्यार्थ्याला एकूण 120 युनिट्स, म्हणजे अभ्यासाचा भार मोजणारी क्रेडिट, पूर्ण करावी लागतात आणि त्यांपैकी किमान 36 वरच्या पातळीच्या, म्हणजे साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या वर्षी घेतल्या जाणाऱ्या, अभ्यासक्रमांची असावी लागतात. मेजरचा वाटा या एकूण संख्येतला एक भाग असतो. उरलेल्या जागेत लेखन-वाचनाचे सक्तीचे अभ्यासक्रम, विज्ञान, भाषा आणि आवडीचे काहीही येते. मेजरच्या पायाभूत अपेक्षांमध्ये इतिहास, तत्त्वज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि संख्याशास्त्र यांचा समावेश आहे. कायद्याच्या नावाच्या विषयाला संख्याशास्त्र कशाला, असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जाईल. पण या मेजरचा स्वभाव कळायला तीच जागा सर्वांत सोयीची आहे. इथे कायद्याकडे समाजात घडणारी एक गोष्ट म्हणून पाहिले जाते, आणि एखाद्या कायद्याने गुन्हे खरोखर घटले का, हे कलम पाठ असल्याने सांगता येत नाही, त्यासाठी आकडे वाचता यावे लागतात.

या अपेक्षा ठरवणारा कोणताही राष्ट्रीय नियामक अमेरिकेत नाही. त्या त्या विद्यापीठातले प्राध्यापक त्या ठरवतात, त्या कॉलेजागणिक बदलतात, आणि विद्यार्थी बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मेजर ‘डिक्लेअर’ करतो. तिसऱ्या वर्षी कंटाळून तो इतिहासाकडे वळला तरी आधीची युनिट्स वाया जात नाहीत. शेवटच्या वर्षीचा ऑनर्स प्रबंध ज्याला हवा त्याने लिहायचा असतो. मौखिक युक्तिवाद, न्यायालयात बसून खटला पाहणे, वकिलाकडे उमेदवारी यांपैकी काहीही पदवीसाठी सक्तीचे नाही. अमेरिकन बार असोसिएशन तर लॉ स्कूलच्या प्रवेशासाठी कोणताही विशिष्ट मेजर सुचवत नाही. तत्त्वज्ञान, इंग्रजी किंवा गणित घेतलेला विद्यार्थीही त्याच रांगेत उभा असतो.

आता पुण्याच्या मामेभावाकडे येऊ. त्याच्या पदवीची चौकट 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाखाली स्थापन झालेली बार कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते आणि तिचे 2008 चे विधी शिक्षण नियम देशभर लागू आहेत. त्या नियमांनुसार कायद्याचे 20 सक्तीचे विषय, 4 प्रात्यक्षिक विषय आणि किमान 6 ऐच्छिक विषय पूर्ण करावे लागतात. ऑनर्स हवे असल्यास आणखी 8 विषयांची भर पडते. या सगळ्याच्या जोडीला बी.ए.चा भाग असतो आणि ‘मेजर’ हा शब्द तिथे येतो: राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांसारखा एक मुख्य विषय आणि त्याच्यासोबत दोन गौण विषय. म्हणजे भाचीचा मेजर कायद्याशी संबंधित असून तिची पदवी कायद्याची नाही, आणि भावाची पदवी कायद्याची असून त्याचा मेजर राज्यशास्त्राचा आहे.

चार प्रात्यक्षिक विषयांत मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालय, म्हणजे मूट कोर्ट, यांचा समावेश आहे. शेवटच्या विषयासाठी वर्षभरात किमान तीन अभिरूप खटले लढवायचे असतात, एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खरे खटले न्यायालयात बसून पाहायचे असतात, आणि अशिलाची मुलाखत कशी घेतात, दाव्याची पूर्वतयारी कशी करतात याची नोंद ठेवायची असते. जिल्हा न्यायालयाच्या मागच्या बाकावर जर्नल मांडीवर घेऊन बसलेली मुले त्यासाठीच आलेली असतात. सकाळपासून बसून शेवटी ‘साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख’ एवढीच नोंद घेऊन परतण्याचा प्रसंग त्यांतल्या बहुतेकांवर एकदा तरी येतो, आणि माझ्या मते न्यायव्यवस्थेचा तोही एक धडाच असतो. शिवाय पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवड्यांची आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते, तीही एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी सांगितली आहे. अपवादात्मक कारणासाठी एखाद्या विषयात 65 टक्क्यांपर्यंत सूट देता येते, पण तेव्हाही सर्व विषय मिळून 70 टक्के भरावेच लागतात.

दोन्हीकडचा फरक परीक्षेच्या एका प्रश्नातही दिसतो. विषय चोरीचाच धरू. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) मध्ये अशी तरतूद आहे की, चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपीला पहिल्यांदाच दोषी ठरवले गेले असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा दिली जाईल. एलएल.बी.च्या उत्तरपत्रिकेत साडेचार हजारांची सायकल चोरून ती परत करणारा कोणी ‘अ’ येतो, आणि विद्यार्थ्याने चोरीचे घटक एकेक करून लावून पाहायचे, मग शिक्षेपर्यंत पोहोचायचे असते. कलमाचा क्रमांक चुकला की गुण गेले.

कॅलिफोर्नियातला चोर जरा महागडा होता. त्याने प्रत्येकी 399 डॉलर किमतीच्या तीन गोल्फ स्टिक लंपास केल्या, आणि आधीचे गंभीर गुन्हे नावावर असल्यामुळे 1994 च्या ‘थ्री स्ट्राइक्स’ कायद्याखाली त्याला 25 वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. ‘एविंग विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात 2003 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा कायम ठेवली. लीगल स्टडीजच्या वर्गात हाच खटला आला, तर विद्यार्थ्याला आरोपीचा बचाव करायला सांगणार नाहीत. असा कायदा नेमका 1994 मध्येच का आला, मतदारांनी तो 2012 मध्ये सौम्य का केला, गुन्हा आणि शिक्षा यांचे प्रमाण कोणत्या तत्त्वावर ठरवायचे, आणि गुन्ह्यांच्या आकड्यांत त्याचा परिणाम दिसतो का, असे प्रश्न घेऊन त्याला निबंध लिहावा लागेल. उत्तरात इतिहास, तत्त्वज्ञान आणि ते संख्याशास्त्र असे सगळेच लागते.

अर्धवट सोडण्याच्या बाबतीत दोन्ही वाटा सर्वांत जास्त दुरावतात, आणि पालकांनी सर्वांत आधी विचारायला हवी अशी गोष्टही हीच आहे. बार कौन्सिलच्या नियम 13 नुसार एकात्मिक जोडपदवीच्या अभ्यासक्रमात मध्येच प्रवेश घेता येत नाही आणि मध्येच बाहेर पडून त्यातली एक पदवी वेगळी काढून घेता येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार इतर पदव्यांना पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका अशा पायऱ्या मिळाल्या. त्या इथेही असतील असे समजून तिसऱ्या वर्षी कायदा सोडणाऱ्या मुलाला ‘निदान बी.ए. तरी पदरात पडेल’ या भरवशावर राहता येत नाही. ए.टी.के.टी. लावत पुढे सरकत राहिलेल्यांना हे फार उशिरा कळते. ज्याची खात्री नाही त्याने आधी स्वतंत्र पदवी घेऊन मग तीन वर्षांचे एलएल.बी. करावे, हे माझे मत मी इथे नोंदवून ठेवतो. त्यात एक वर्ष जास्त जाते, पण पहिली पदवी हातातून निसटत नाही.

क्रेडिटच्या आकड्यांनीही फसू नये. अमेरिकेतली चार वर्षांची पदवी सामान्यतः 120 क्रेडिटची असते, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी 120 आणि चार वर्षांच्या पदवीसाठी 160 क्रेडिट आहेत. आकडा तोच असला तरी वर्षांचा हिशेब वेगळा आहे.

पदवीनंतर भावापुढे दोन टप्पे राहतात. पहिला म्हणजे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करून सनद घेणे, आणि दुसरा म्हणजे अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण होणे. ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी 2023 मध्ये मान्य केला. भाचीला वकील व्हायचेच असेल तर चार वर्षांच्या बी.ए.नंतर तीन वर्षांची जे.डी., म्हणजे तिकडची कायद्याची पदवी, आणि मग ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याची बार परीक्षा, हा तिकडचा नेहमीचा मार्ग आहे. लॉ स्कूलमध्ये तिची लीगल स्टडीजची युनिट्स जे.डी.तून वजा होत नाहीत. पहिल्या वर्षी करार, अपकृत्य आणि फौजदारी कायदा ती गणिताच्या पदवीधराशेजारी बसून पहिल्यापासून शिकते.

आणि ती परत आली तर? अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 24 ला कायद्याची पदवी हवी असते आणि बर्कलेची ही बी.ए. तशी पदवी नाही, म्हणून सनदेसाठी तिचा थेट उपयोग नाही. पदवीधर म्हणून मात्र तिला तीन वर्षांच्या एलएल.बी.ची वाट धरता येते. त्यासाठी परदेशी पदवीचे समकक्षता प्रमाणपत्र भारतीय विद्यापीठ महासंघाकडून घ्यावे लागते, महाराष्ट्राची कायद्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि मग पहिल्या वर्षाच्या वर्गात हजेरी लावायची. तोवर तिच्या मामेभावाच्या अंगावर काळा कोट चढलेला असण्याचा संभव पुष्कळ आहे.