रोलरचा ट्रेलर आणि फळ्यांचा ट्रेलर: बोट सरळ चढवायची दोन उलटी तंत्रं

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असतं. त्या आकड्यांच्या आसपास पुराच्या कामाच्या बोटी ट्रेलरवर शेडमधून बाहेर निघतात आणि आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिरोळच्या वाटेला लागतात. बोट पाण्यात सोडताना सहसा फार अडत नाही. अडतं ते परत ट्रेलरवर चढवताना. बोट तिरकी बसते, एका मडगार्डला घासते, आणि चार जण खांदा लावून ढकलत राहतात. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की ट्रेलर रोलरचा असतो आणि वापरलेली पद्धत फळ्यांच्या ट्रेलरची असते.

लांबून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींना चॅनेलचा सांगाडा, मध्ये धुरा, पुढे विंचचा, म्हणजे पट्टा गुंडाळून बोट ओढणाऱ्या हँडलच्या चकरीचा, खांब. फरक बोट कशावर टेकते यात आहे. फळ्यांच्या ट्रेलरवर लांबीच्या दिशेने दोन किंवा चार लाकडी फळ्या असतात, त्यांवर जाड कार्पेट ठोकलेलं असतं आणि बोटीचं पोट त्यांवर सपाट बसतं. यालाच बंक म्हणतात. रोलरच्या ट्रेलरवर मधोमध कण्याखाली, म्हणजे बोटीच्या तळाच्या मधल्या लांब उंचवट्याखाली, रोलरची रांग असते. हे रोलर मध्ये बारीक आणि कडेला जाड असतात, म्हणजे कणा खाचेत बसतो. दोन्ही बाजूंना डुलणाऱ्या पाळण्यावर बसवलेले छोटे रोलर पोटाला आधार देतात.

फळी घट्ट धरते, रोलर सोडून देतो. पाण्याची खोली, विंच, इंजिन, दोरी यांचं पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

पाणी किती

फळ्यांच्या ट्रेलरवर बोट ओढायची नसते, तरंगत आणून बसवायची असते. कार्पेट बोटीला इतकं धरतं की कोरड्या फळीवर विंच फिरवत बसलात तर आधी हात थकेल. म्हणून फळ्यांचा साधारण दोन तृतीयांश भाग पाण्याखाली घ्यायचा आणि पुढचा भाग कोरडा ठेवायचा. बोट तरंगत आत येते, टोक कोरड्या भागावर टेकतं, विंचने शेवटचे दोन-तीन फूट घ्यायचे. ट्रेलर वर खेचताना पाणी हळूहळू उतरतं आणि बोट दोन फळ्यांच्या मध्ये आपोआप येते. इथे मधोमध आणायचं काम पाणी करतं.

रोलरवर हे काम कण्याखालची खाच करते, आणि त्यासाठी कणा खाचेला टेकलेला हवा. ट्रेलर खोल बुडवला की बोट रोलरच्या वर तरंगते. खाच सहा इंच खाली राहते आणि बोट तिच्या मनाप्रमाणे डावी-उजवी होते. विंच घट्ट करून ट्रेलर बाहेर काढला की ती जिथे असेल तिथे बसते, म्हणजे बहुतेक वेळा कणा मधल्या रोलरच्या खांद्यावर आणि सगळं वजन एका बाजूच्या पाळण्यावर. बाहेर आल्यावर ढकलून ती सरकत नाही, कारण रोलर पुढे-मागे फिरतो, आडवा फिरत नाही.

म्हणून रोलरच्या ट्रेलरला पाणी कमी द्यायचं. सगळ्यात मागचा रोलर पाण्याच्या पातळीला किंवा जरा वर राहील एवढाच ट्रेलर मागे घ्या. बोटीचं टोक मुळातच उचललेलं असतं, ते त्या मागच्या रोलरवर येऊन टेकतं. टेकल्यावर कणा खाचेत आला का ते हाताने चाचपून बघा आणि मगच विंच फिरवा. पहिला रोलर धरला की दुसरा त्याच रेषेत येतो. पहिला चुकला तर पुढचे सगळे चुकतात.

पुराच्या काठावर या फरकाला फार किंमत येते. पक्का उतार १ः८ चा, म्हणजे ८ फुटांत १ फुटाचा, असेल तर दोन्ही ट्रेलर चालतात. पण पुरात बोट चढते ती धक्क्यावर नाही, तर पाण्यात गेलेल्या डांबरी रस्त्यावर, आणि तिथे उतार १ः३० सुद्धा मिळत नाही. हिशेब करून बघा. फळ्यांसाठी ट्रेलरच्या चाकाशी २ फूट पाणी हवं. जीपचं मागचं चाक त्याच्या १५ फूट पुढे असेल तर १ः३० उतारावर तिथेही दीड फूट पाणी येतं, म्हणजे सायलेन्सर पाण्यात आणि टायरची पकड गेलेली. १ः८ वर तेच मागचं चाक जवळजवळ कोरडं राहिलं असतं. रोलरच्या ट्रेलरला मागच्या टोकाशी फूटभर पाणी पुरतं, त्यामुळे जीपच्या चाकाशी चार-पाच इंचच येतं. पाणी वाहतं असेल तर दोन्हीही ट्रेलर तिथे नेऊ नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलायला पुरतं.

इंजिन लावून चढवणं

फळ्यांच्या ट्रेलरवर कित्येक जण इंजिनाच्या हलक्या जोरावर बोट थेट विंचच्या खांबापर्यंत नेतात. ते जमतं, कारण इंजिन कमी केलं तरी फळी बोटीला धरून ठेवते आणि हुक अडकवायला वेळ मिळतो. पण पंख्याचा झोत उताराच्या टोकाखालची माती आणि खडी उकरतो, तिथे खड्डा पडतो आणि पुढच्या वेळी ट्रेलरचं चाक त्यात जातं. तलावाच्या मुरमाड काठावर हे चार-सहा खेपांतही दिसतं.

रोलरवर हीच युक्ती घातक ठरते. बोट सपकन वर जाते, खांबावरच्या रबराला धडकते, आणि थ्रॉटल सोडला की तितक्याच सपकन मागे येते. तेव्हा हुक लावायला कोणी वाकलेलं असतं. पाणी उथळ असल्याने पंखा जमिनीला लागायची शक्यताही इथेच जास्त. म्हणून टोक मागच्या रोलरला टेकलं की इंजिन बंद करून वर उचला. पुढचं सगळं विंचवर.

उतरवतानाही तोच धडा, उलटा. विंचचा पट्टा आणि सेफ्टी चेन बोट पाण्यात गेल्याशिवाय सोडायची नाही. फळ्यांवरची बोट पट्टा सोडल्यावरही जागेवर बसून राहते, म्हणून लोकांना आधीच हुक काढायची सवय लागते. मग तीच माणसं रोलरच्या ट्रेलरवर येतात आणि अर्ध्या उतारावर बोट काँक्रीटवर जाऊन पडते.

विंच आणि पट्टा

रोलरवर बोट ओढायला जोर कमी लागतो. इंजिनासह ५०० किलोची बोट १ः८ उतारावरून वर घेताना उताराचा वाटा फक्त ६२-६३ किलो, त्यात रोलरच्या फिरण्याचा थोडासा. एक माणूस हातविंचने आरामात ओढतो. तरी घाई करू नका. हँडल सोडण्याआधी खटका दातात बसल्याचा आवाज यायला हवा. खटका न बसलेलं हँडल सुटलं की मनगट मोडतं, आणि रोलरवर ते फळीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरतं. पट्ट्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

पट्टा बोटीच्या टोकावरच्या कडीपासून विंचपर्यंत साधारण आडवा, किंचित वर चढता हवा. विंच खाली बसवलेला असेल तर तो टोक खाली दाबतो, कणा पुढच्या रोलरवर अडतो आणि बोट एका बाजूला कलते. ट्रॅक्टरच्या उंच हिचला, म्हणजे मागच्या जोडणीला, ट्रेलर जोडला तरी घोळ होतो. पुढचं टोक उचललं जातं, मागचा रोलर खाली जातो, आणि तेवढ्याच पाण्यात तो जास्त बुडतो. शिवाय विंचला चढ जास्त लागतो. ट्रॅक्टर वापरायचा तर ट्रेलर समपातळीत राहील असा खालचा ड्रॉबार (जोडदांडा) लावा.

वाहत्या पाण्यात

रंकाळ्यावर किंवा राजाराम तलावावर सराव केलेली टीम नदीवर गोंधळते ती इथे. स्थिर पाण्यात पट्टा ओढला की बोट पट्ट्याच्या रेषेत येते. प्रवाहात टोक पट्ट्याने धरलेलं असतं आणि पिछाडी प्रवाहाच्या दिशेने वळते. विंच जितका ओढाल तितकी ती जास्त आडवी येते. उपाय साधा आहे. पिछाडीच्या कडीला २५-३० फुटांची दोरी बांधा, एक माणूस लाइफ जॅकेट घालून वरच्या अंगाला काठावर उभा राहील, आणि कणा दुसऱ्या-तिसऱ्या रोलरवर येईपर्यंत दोरी ताणलेली ठेवील. दोरी कमरेला किंवा हाताला गुंडाळायची नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं. जागा असेल तर ट्रेलरच असा लावा की बोटीचं टोक प्रवाहाकडे तोंड करील. मग निम्मं काम पाणीच करतं.

फळ्यांच्या ट्रेलरला मागच्या बाजूला दोन उभे दांडे लावले की प्रवाहातही बोट आत येते. रोलरच्या ट्रेलरलाही ते लावतात आणि उपयोगी पडतात. मात्र तिथे ते बोट कुठे न्यायची हे दाखवतात, तिला मधोमध बसवत नाहीत.

पद्धत बरोबर असूनही तिरकी बसते तेव्हा

दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर माणसांना बोल लावू नका, ट्रेलर बघा. डाव्या पाळण्याचे रोलर मोकळे फिरतात आणि उजव्याचा एक अडकलाय, तर बोट अडकलेल्या बाजूला वळणारच. पुरानंतर हे हमखास होतं. काळ्या मातीचा गाळ आणि जलपर्णीचे तंतू रोलरच्या पिनेभोवती गुंडाळतात, वाळतात आणि दगडासारखे होतात. प्रत्येक रोलर हाताने फिरवून बघा. न फिरणारा काढा, पीन घासा, ग्रीस भरून पुन्हा बसवा. पाळण्याचा मधला बोल्ट फार आवळलेला असेल तरी पाळणा डुलत नाही आणि एकच रोलर सगळं वजन घेतो.

रोलर कशाचा आहे हेही बघा. उद्यमनगरात टर्नरकडून नायलॉनचा रोलर करून घेणं सोपं आणि स्वस्त, पण नायलॉन कडक असतो. एफआरपीच्या, म्हणजे फायबरच्या, पोटावर त्याचा दाब एका रेघेत येतो आणि कालांतराने तिथे जेलकोटला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, बारीक तडे दिसू लागतात. पॉलीयुरेथेनचा थोडा दबतो, म्हणून बरा. काळं रबर सगळ्यात मऊ, पण उन्हात तडकतं आणि बोटीला काळे डाग पाडतं. बोट आठ महिने एकाच जागी ठेवली की मऊ रोलरला सपाट चट्टा पडतो, आणि तो रोलर मग फिरण्याऐवजी घसरतो.

फळ्यांची दुखणी वेगळी. आपल्याकडच्या पावसात कार्पेट आतून कधी वाळतच नाही. प्लायवूडची फळी सुटते, खिळे गंजतात. कार्पेटमध्ये अडकलेली वाळू पॉलिश पेपरसारखी पोट घासते. खिळा किंवा बोल्टचं डोकं वर आलं तर बोट तिरकी बसायच्या आधीच चिरते.

कोणत्या बोटीला कोणता

हवेची रबरी बोट रोलरवर ठेवू नका. कापडी तळावर रोलरचा दाब टोचतो, आणि आत अॅल्युमिनियमची फळी असली तरी तिच्या सांध्यांच्या मध्ये कापड दाबलं जातं. अशा बोटीला रुंद फळ्या हव्यात, नाहीतर ती सपाट पाट्यावरच न्यावी. खाली फायबरचं कडक पोट असलेली रबरी बोट रोलरवर चालते, फक्त बाजूचे रोलर हवेच्या नळ्यांना न लागता पोटाला लागले पाहिजेत. तलावातल्या ठरलेल्या पक्क्या धक्क्यावरून रोज उतरणाऱ्या बोटीला फळ्याच बऱ्या: स्वस्त, शांत आणि वजन सगळीकडे सारखं वाटणाऱ्या.

पुराच्या कामाला १५-१६ फुटी एफआरपी बोट असेल तर आमचं मत मधल्या मार्गाचं आहे. कण्याखाली रोलरची रांग, आणि बाजूच्या पाळण्यांऐवजी दोन आखूड फळ्या, रोलरपेक्षा जराशा खाली बसवलेल्या. ओढताना वजन रोलरवर राहतं आणि बोट कलली तर फळी धरते. डुलणाऱ्या पाळण्यांचे वीस-बावीस छोटे रोलर चिखलात सांभाळत बसण्यापेक्षा हे खूप सोपं.

रस्त्यावर निघण्याआधी

बोट पाण्याबाहेर आली की मागे दहा पावलं जाऊन बघा. दोन्ही मडगार्ड आणि बोटीचं पोट यांत सारखी फट हवी. तिरकी असेल तर ढकलू नका. पट्टा फूटभरच सैल करा, पिछाडी तरंगेपर्यंत ट्रेलर परत मागे घ्या, दोरीने सरळ करून पुन्हा ओढा. दोन मिनिटांचं काम आहे. तिरक्या बोटीने एका टायरवर जास्त वजन येतं आणि महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो.

ट्रान्सम, म्हणजे इंजिन लावतात ती मागची उभी फळी, शेवटच्या आधाराच्या बरोबर वर हवी. ती मागे लोंबकळत असेल तर इंजिनाच्या वजनाने पोटाला हळूहळू बाक येतो. बोट आणि ट्रेलर मिळून ७०० किलो असतील तर हिचवर ५० ते ७० किलो भार यायला हवा, आणि तो घरातल्या वजनकाट्यावरही मोजता येतो. कमी भरला तर विंचचा खांब पुढे सरकवा. रोलरवरची बोट फक्त विंचच्या भरवशावर कधी न्यायची नाही. पिछाडीला दोन पट्टे आणि टोकाला चेन हवीच, कारण ब्रेक लावला की ती रोलरवरून पुढे-मागे जायला मोकळीच असते.

हब, म्हणजे चाकाचे बेअरिंग असलेले मधले भाग, पाण्यात गेले असतील तर त्याच संध्याकाळी ग्रीस भरा. लांबून आल्यावर हब गरम असतो. थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बेअरिंग लगेच जात नाही, पुढच्या महिन्यात रस्त्यात जातं. म्हणून पाण्यात घालण्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबा, आणि तेवढ्यात दिव्यांची वायर जीपपासून काढून ठेवा.